असं कोणतं पाप केलं होतं तुह्या बापानं? (शवविच्छेदनाची जुनी चित्रं आणि आमचं गाव)

खडू_मास्तर

मंडळी, जेवण आटोपून वाचा. आधीच सांगतो, मग बोल लावू नका.

मागच्या मे महिन्यात वडील गेले. वय ८४. गुरुदेव सेवा मंडळातला माणूस, संध्याकाळची सामुदायिक प्रार्थना कधी चुकली नाही. देहदानाचा फॉर्म त्यांनी कित्येक वर्षांआधीच भरून लोखंडी पेटीत ठेवला होता, सातबाऱ्याच्या कागदांखाली. आम्ही आर्वी तालुक्यातले. बाहेर ऊन असं की अंगणात पाय ठेववत नाही. बर्फाच्या लाद्या मागवल्या, गाडी बोलावली. तिरडी नाही, मडकं नाही, आणि गाडी मोक्षधामाकडे न वळता मेडिकल कॉलेजच्या रस्त्यानं जाणार हे कळल्यावर समोरच्या आजीनं मला तुळशीजवळ बाजूला घेतलं.

"असं कोणतं पाप केलं होतं रे तुह्या बापानं, का त्याले चिराले देऊन राह्यला?"

मी काही बोललो नाही. पण प्रश्न डोक्यातून जाईना, कारण मी जन्मभर शाळेत चित्रकला शिकवली आणि आजीचा प्रश्न मला ओळखीचा वाटला. ज्या चित्रांवर मी पोट्ट्यांना छायाप्रकाश शिकवला, त्यांतल्या टेबलावर खरंच 'पाप केलेला' माणूस असायचा.

रेम्ब्रांटचं 'डॉ. ट्युल्प यांचा शरीररचनेचा पाठ' घ्या. १६३२ सालचं चित्र, आज हेगच्या मॉरित्सहाउस संग्रहालयात आहे. रुंदी सव्वादोन मीटरच्या आत-बाहेर, म्हणजे आमच्या वर्गातल्या फळ्यापेक्षा लहानच. रेम्ब्रांट तेव्हा पंचविशीतला पोरगा. ॲमस्टरडॅमच्या शल्यचिकित्सकांच्या संघाचं हे काम. ज्यांना चित्रात झळकायचं होतं त्यांनी त्याचे पैसे मोजले, गणपती मंडळाच्या बॅनरवर फोटो येण्यासाठी मोजतात तसे. संघाचं जाहीर विच्छेदन वर्षातून एकदा, हिवाळ्यात व्हायचं. हिवाळ्यातच का, ते आपल्या भागातल्या माणसाला सांगायला नको.

टोपी एकट्या ट्युल्पच्या डोक्यावर. बाकी सात जण दाटीवाटीनं वाकलेले. सगळा उजेड टेबलावरच्या पांढऱ्याफटक अंगावर पडलाय, त्याच्या चेहऱ्याच्या वरच्या भागावर मात्र सावली. त्याचं नाव आरिस किंट. जबरी चोरीबद्दल फाशी झाली आणि फासावरून उतरवून थेट इथं आणला. मागच्या एका डॉक्टरच्या हातात कागद आहे, त्यावर पुढे कोणीतरी हजर डॉक्टरांची नावं लिहून ठेवली. आरिसचं नाव तिथं नाही. ते कोर्टाच्या दप्तरातून कळतं.

तर आजीचा प्रश्न इतका जुना आहे. तुम्ही पाहिलेली अशी चित्रं असतील तर सांगा. अनुभव असतील तर तेही.

संत्राबर्फी

जेवतानाच उघडला धागा. चूक माझीच.

बाबांना नमस्कार, मास्तर.

डॉक्टर_फाटा

मास्तर, आम्ही डॉक्टर लोक या चित्रात आधी तो उघडलेला डावा हात पाहतो. सवयच ती.

ट्युल्पच्या चिमट्यात धरलेला स्नायू बोटं वाकवणाऱ्या स्नायूंपैकी वरच्या थराचा. वाचणाऱ्यांनी आत्ताच करून पाहा: डावा हात टेबलावर उताणा ठेवा. उजव्या हातानं तर्जनी, अनामिका आणि करंगळी दाबून धरा आणि मधलं बोट वाकवा. मधल्या सांध्यात वाकेल, पण शेंड्याचं पेर लुळंच राहील. उजव्या हाताच्या बोटानं ते पेर टिचकवून पाहा, हलेल. हे काम त्या वरच्या थराचं. त्याचा टेंडन (स्नायूला हाडाशी जोडणारी दोरी) बोटात शिरला की दुभंगतो आणि त्या फटीतून खालच्या थराचा टेंडन पुढे शेंड्यापर्यंत जातो. सुईच्या नाकातून दोरा जावा तसा. पहिल्या वर्षाला हे पहिल्यांदा उघडून पाहिलं तेव्हा मी स्वतःचीच बोटं पाच मिनिटं वाकवत बसलो होतो.

आता ट्युल्पचा दुसरा हात पाहा. तो हवेत धरलाय आणि बोटं किंचित वाकलेली. उजव्या हातानं स्नायू दाखवतोय, डाव्या हातानं त्याचं काम. चांगला शिक्षक असावा.

दोन खोडी मात्र काढतो. एक, विच्छेदनाची सुरुवात हातापासून होत नसे. आधी पोट, कारण आतडी आधी सडतात. चित्रात पोटाला धक्काही नाही. दोन, त्या हातातले स्नायू बरोबर काढलेत का यावर आमच्या जर्नलांत वर्षानुवर्षं वाद आहेत. २००६ साली नेदरलँड्समधल्या डॉक्टरांनी एका मृतदेहाचा डावा हात तसाच उघडून चित्राशी ताडून पाहिला. सगळं जुळलं नाही.

खडू_मास्तर

डॉक्टर, बोट वाकवून पाहिलं. नातवालाही करायला लावलं. तो आता घरभर लोकांची पेरं टिचकवत फिरतोय.

पोट आधी, हात नंतर, हे बरोबर. पण गिऱ्हाईक पैसे देऊन बसलंय म्हटल्यावर उघडं पोट कोण काढील? हात म्हणजे सभ्य जागा.

हॉलवाल्याचा_पोट्टा

मास्तर, मी प्रमाण भाषेत लिहीन म्हटलं तर दोन दिवस लागतील, म्हून आपल्याच बोलीत लिहितो.

माहा बाप एका मेडिकल कॉलेजात डिसेक्शन हॉलचा अटेंडंट होता. बॉडी आली का मांडीतल्या रक्तवाहिनीतून फॉर्मॅलिनचं पानी चढवाचं, मंग टाकीत ठेवाची, पोट्टे याच्या आधी टेबलावर लावाची, हे सारं त्याचं काम. संध्याकाळी घरी आला का अंगनातच कपडे काढे. तरी वास जात नसे. डोये लालबुंद. माय म्हने, "हे बुवा रात्रीलेही रडल्यासारखेच दिसतेत."

येक गोठ डॉक्टर लोक सांगत नाहीत, मी सांगतो. त्या वासानं भूक लागते. खरंच. पहिल्या दिवशी पोट्टे चक्कर येऊन पडत, महिन्याभरात तेच पोट्टे हॉलमधून निंघाले का थेट समोशाच्या टपरीवर.

तुमच्या त्या चित्रात सारे डॉक्टर हायेत. पन बॉडी टेबलावर कोनं ठेवली? फासावरून कोनं आनली? फरशी कोनं पुसली? तो कुठी हाये चित्रात?

डॉक्टर_फाटा

भाऊ, भुकेचं खरं आहे. आम्ही सांगत नाही कारण लाज वाटते.

खडू_मास्तर

@हॉलवाल्याचा_पोट्टा, तो माणूस दुसऱ्या चित्रांत आहे. बसा, सांगतो.

१४९३ मध्ये व्हेनिसला छापलेल्या एका वैद्यकीय ग्रंथात विच्छेदनाचं लाकूडठशाचं चित्र आहे. प्राध्यापक वर उंच खुर्चीवर, देव्हाऱ्यात बसवल्यासारखा. खाली टेबलावर मृतदेह. कापायचं काम हाताखालच्या माणसाचं, साहेबाचा हात प्रेताला लागत नाही. वरून जुन्या पुस्तकातला पाठ चालू. शाळा तपासणीला आलेले साहेब आठवले मला. पोरांची वही एकदाही उघडायची नाही आणि शेरा मारून मोकळे.

मग पन्नास वर्षांनी, १५४३ मध्ये, व्हेसालियस या शरीरशास्त्रज्ञाचा ग्रंथ बाझेलला छापला गेला. वय २८, पदुआत शिकवायचा. त्याच्या मुखपृष्ठाच्या चित्रात तो स्वतः टेबलाशी उभा आहे, त्याचाच हात प्रेताच्या पोटात. भोवती माणसांची ही गर्दी, खांबाला लटकून पाहणारेसुद्धा. ज्यांच्याकडे पूर्वी सुरी होती ते दोघे कुठं आहेत? टेबलाखाली! वस्तरे धरून एकमेकांशी भांडतायत. काम गेलं, अवजार राहिलं. भाऊ, तुमचे वडील चित्रात शोधायचे तर त्या टेबलाखाली बघा.

एका बाजूला माकड, दुसऱ्या बाजूला कुत्रा आहे. तो टोमणा गेलेन या प्राचीन ग्रीक वैद्याला आहे. हजार-बाराशे वर्षं ज्याचा शब्द प्रमाण मानला त्या गेलेननं माणसं नव्हे, जनावरं कापून लिहिलं होतं. माणसाचा खालचा जबडा दोन हाडांचा, हे त्यातलंच एक. व्हेसालियसनं पाहून सांगितलं, हाड एकच आहे.

निरामय_७०

हे असले बीभत्स विषय काढण्यापेक्षा मास्तरांनी वडिलांच्या आठवणी लिहिल्या असत्या तर बरं झालं असतं. मृत्यूनंतर तरी माणसाला शांतपणे जाऊ द्या. व्यक्तिगत मत, राग नसावा.

संत्राबर्फी

काका, शीर्षकात शवविच्छेदन लिहिलंय. निसर्गवर्णन शोधत आलात का?

लसवाली_ताई

मी उपकेंद्रावर एएनएम आहे. मास्तरांनी एक गोष्ट सोडली, किंवा संकोच वाटला असेल.

व्हेसालियसच्या त्या मुखपृष्ठावर टेबलावर बाई आहे. पोट उघडलंय, गर्भाशय दाखवायला. एका बाईबद्दल त्यानंच लिहून ठेवलंय की तिनं फाशी टळावी म्हणून आपण गरोदर आहोत असं सांगितलं होतं. सुईणींनी तपासलं, ती गरोदर नव्हती. मुखपृष्ठावरची तीच, असं मानतात. मास्तर, तुमच्या आरिसचं निदान नाव तरी सापडलं. हिचं नाव नाही, पण पोटातलं सारं जगाला पाठ.

गर्दी परत एकदा मोठी करून पाहा. सगळे पुरुष.

खडू_मास्तर

ताई, संकोच नाही, डोळाच गेला नव्हता. इतकी वर्षं ते चित्र पाहतोय आणि माझी नजर कुत्रा-माकडावर. कान पकडतो.

वैद्य_बांधावरचे

थोडं घरचंही बोलू. सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानात, पाचव्या अध्यायात, शरीर आतून कसं पाहायचं ते दिलंय. प्रेत सर्व अवयवांनी धड हवं. विषानं मेलेलं नको, दीर्घ आजारानं झिजलेलं नको, शंभरी गाठलेलं नको. आतड्यातला मळ काढायचा. मग मुंज, कुश, ताग यांसारख्या कशानं तरी गुंडाळून, पिंजऱ्यात घालून, संथ पाण्यात आडजागी ठेवायचं. सात रात्रींनी बाहेर काढायचं आणि वाळा, केस, बांबू यांच्या कुंच्यानं हळूहळू घासायचं. त्वचेपासून एकेक थर सुटत जातो आणि डोळ्यांनी बघता येतं. सुरी नाहीच.

आमच्या कॉलेजात हे पाठ करून घेतलं. सरांनी विचारलं, सुरी का नाही? कोणालाच सांगता आलं नाही. मला विचाराल तर थर फाटू नयेत म्हणून. केळीचा सोप सोलताना बोट वापरतो, विळा नाही.

पुढं हा धागा तुटला. १८३६ साली कलकत्ता मेडिकल कॉलेजात मधुसूदन गुप्त यांनी हाती सुरी घेतली तेव्हा केवढा गाजावाजा झाला. फोर्ट विल्यमवरून तोफांची सलामी दिल्याचं सांगतात, खरं-खोटं देव जाणे. पण गृहस्थ मुळात वैद्य, संस्कृत कॉलेजात आयुर्वेद शिकवणारे. सुश्रुत वाचलेल्या माणसानंच पुन्हा सुरुवात केली, याचं आम्हाला कौतुक.

निरामय_७०

वैद्यबुवांचा प्रतिसाद आवडला. हे माहीत नव्हतं. (बाकी मत कायम.)

तारीख_पे_तारीख

आजीच्या 'पाप' शब्दावर वकील म्हणून बोलतो. ती चुकलेली नाही. इंग्लंडात हा चक्क कायदा होता.

१७५२ पासून तिथं खुन्याला फाशी दिल्यावर मूठमाती द्यायची नाही, असं ठरलं. एक तर सर्जनांकडे चिरायला, नाहीतर साखळदंडात टांगून ठेवायचं. म्हणजे चिरफाड हा शिक्षेचाच पुढचा भाग. फाशीनं भागत नाही, वर हे. साहजिकच लोक फाशीपेक्षा याला जास्त घाबरत.

पण फाशी जाणारे किती असणार? कॉलेजं वाढली, प्रेतं पुरेनात. मग कबरी उकरून विकणं सुरू झालं. १८२८ मध्ये एडिंबरात बर्क आणि हेअर या जोडीनं तर उकरण्याचाही त्रास वाचवला, जिवंत माणसं मारूनच विकली. शेवटी १८३२ चा कायदा आला: खुन्यांची चिरफाड बंद, आणि गरीबखान्यात-दवाखान्यात बेवारस मेलेल्यांची सुरू. बघा कसं सरकलं. आधी टेबलावर यायला गुन्हा करावा लागायचा, नंतर नुसतं गरीब असणं पुरलं. मास्तरांच्या चित्रानंतर बरोबर दोनशे वर्षांनी.

आपल्याकडचा १९४९ चा मुंबई प्रांताचा अ‍ॅनाटॉमी ॲक्ट त्याच वळणाचा, बेवारस मृतदेहांसाठी. आपण तेव्हा मध्यप्रांतात होतो, आपल्याला नंतर लागू झाला.

डॉक्टर_फाटा

वकीलसाहेब, मांडणी बिनतोड, पण थोडी एकांगी. बेवारस देहांवर शिकलेल्या डॉक्टरांनीच पुढे गोरगरिबांचीच पोटं शिवली. आमच्या टेबलावरचा माणूस कोण होता मला माहीत नाही. रेल्वे स्टेशनवर सापडलेला, एवढंच सांगितलं होतं. त्याच्या डाव्या पायाला जुनं फ्रॅक्चर होतं, वाकडं जुळलेलं. त्या वाकड्या हाडावर मी जे शिकलो ते पुस्तकात नव्हतं.

आता पोरांना पहिल्या दिवशी शपथ देतात, देहाचा मान राखू म्हणून. आमच्या वेळी नव्हती. आम्ही टेबलावर कोपर टेकवून क्रिकेटच्या गप्पा मारायचो.

तारीख_पे_तारीख

डॉक्टर, शिकू नका असं मी म्हटलंच नाही. विचारलं कोणाला, एवढाच मुद्दा. स्टेशनवरच्याला विचारलं नाही, मास्तरांच्या वडिलांनी स्वतःहून सही केली. याच १८३२ सालच्या जून महिन्यात जेरेमी बेंथम हा मोठा कायदेपंडित लंडनमध्ये वारला आणि मृत्युपत्राप्रमाणे त्याचं जाहीर विच्छेदन झालं. चोर नाही, खुनी नाही, भिकारी नाही. त्याचा सांगाडा त्याच्याच कपड्यांत बसवून ठेवलाय, लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात.

संत्राबर्फी

कपड्यांत?? बसवून??

हॉलवाल्याचा_पोट्टा

वकीलसाहेब बराबर बोल्ले. माहा बाप बेवारस बॉडीले 'पाव्हना' म्हने. "आज दोन पाव्हने आले." अन् देहदानाची आली का 'गुरुजी' म्हने, मंग तो मानूस कास्तकार का असेना. फरक करे तो. कोनं शिकवलं नव्हतं त्याले.

लसवाली_ताई

मास्तर, एक विचारू का? दहाव्याचं काय केलंत? आमच्याकडे फॉर्म भरायला तयार असलेली माणसं तिथंच अडतात. "अस्थीच नाहीत तर कौंडण्यपूरले नेचं काय?"

खडू_मास्तर

ताई, आम्हीही तिथंच अडलो होतो. मग वडिलांची खंजेरी आणि टोपी घेऊन कौंडण्यपूरला गेलो. टोपी वर्धा नदीत सोडली, खंजेरी परत आणली. लहान भाऊ म्हणाला, तीही सोडू. मी दिली नाही. बरोबर केलं का चूक, कोण सांगणार. दहाव्याला कावळा शिवला लवकर, त्यामुळे भावकीचं तोंड बंद झालं.

आता राहिलेली दोन चित्रं सांगतो.

पहिलं रेम्ब्रांटचंच, १६५६ चं, डॉ. डेमान यांचं. यात मेंदू उघडलाय. प्रेताचे तळपाय थेट आपल्या तोंडासमोर, अंग मागं मागं जात आखूड झालेलं. इंटरमिजिएटच्या पोरांना 'आखुडण' शिकवताना मी हेच चित्र दाखवायचो, फक्त डोक्याचा भाग हातानं झाकून. १७२३ च्या आगीत या चित्राचा मोठा भाग जळाला. भोवती उभे राहिलेले डॉक्टर गेले. डेमानचे नुसते हात उरले, डोकं नाही. शेजारी कवटीची वाटी हातात धरलेला मदतनीस उरला. आणि ज्याला फाशी दिली होती तो माणूस, योरिस फॉन्टेन, चेहऱ्यासकट शाबूत. पैसे मोजले कोणी आणि राहिलं कोण!

दुसरं चित्र हॉगार्थ या इंग्रज चित्रकाराचं, १७५१ चं, म्हणजे वकीलसाहेबांच्या त्या कायद्याच्या एक वर्ष आधीचं. 'क्रौर्याच्या चार पायऱ्या' या मालिकेतलं शेवटचं. टॉम नीरो नावाचं पात्र लहानपणी कुत्र्याचे हाल करतं, मग घोड्याचे, मग खून करतं आणि शेवटी या टेबलावर येतं. गळ्यात फास अजून तसाच. एक जण सुरीनं डोळा काढतोय, एक पाय चिरतोय, तोंड असं वासलेलं की मेलेला माणूस ओरडतोय वाटावं. मधोमध खुर्चीत मुख्य सर्जन, हातात लांब काठी. (१४९३ चे साहेब परत खुर्चीत जाऊन बसले.) बाजूला कढईत हाडं उकळतायत. खाली जमिनीवर पडलेलं काळीज एक कुत्रा खातोय. ही चित्रं गरिबांपर्यंत पोचावीत, त्यांना धाक बसावा म्हणून हॉगार्थनं स्वस्तात काढली होती.

परवा आजी आमच्या ओट्यावर लसूण सोलत बसली होती. मी मोबाइल काढला आणि तिला हे चित्र दाखवलं. आता तू म्हणालीस ते बरोबर, पूर्वी पाप करणाऱ्यालाच चिरत, आमच्या बाबांचं तसं नाही, वगैरे समजावून सांगायचा माझा बेत होता. मास्तरकी जात नाही. आजीनं चष्मा पुसला, मोबाइल हातात घेतला, दूर धरला, जवळ धरला. मी बोटांनी चित्र मोठं करून दिलं. टेबल, फास, सुऱ्या, सगळं तिनं शांतपणे पाहिलं. मग खालच्या कोपऱ्याशी थांबली.

"हे काय खाऊन राह्यलं कुत्रं?"

"काळीज आजी. त्या माणसाचं."

लसणाच्या पाकळ्या पदरातच राहिल्या. कितीतरी वेळ ती त्या कोपऱ्याकडे पाहत होती.

"अन् एवढे मानसं उभे हायेत," ती म्हणाली, "येकही जन त्याले हाड म्हनत नाही?"